लिव्हरचा कॅन्सर आणि केमोबद्दलचे गैरसमज
शिरूर-दौंड भागात कुणाला लिव्हरचा कॅन्सर निघाला की घरचे आधी विचारतात, "केमो सोसेल का?" आणि पुण्याहून आणलेल्या फायलीत केमो लिहिलेलीच नसली, तर डॉक्टरांनी हात टेकले असं समजून माणसाला घरी बसवतात. असं अजिबात करू नका.

यकृतातच सुरू झालेल्या कॅन्सरवर सलाइनमधून दिली जाणारी नेहमीची केमो फारशी चालत नाही. त्यातून बहुतेकांचं यकृत सिरॉसिसने आधीच खराब झालेलं असतं, त्याला ती झेपत नाही. म्हणून डॉक्टर गाठीइतकंच उरलेलं यकृत तपासतात. कावीळ आहे का, पोटात पाणी झालंय का? गाठ लहान असेल तर शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण किंवा सुईने गाठ जाळणं, यांतून रुग्ण बरा होऊ शकतो. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला असेल तर मात्र सलाइनची केमो हा मुख्य उपचार ठरतो. शेजाऱ्याचे कागद पाहून आपला उपचार ठरवू नये, ते यासाठीच.

यकृतातल्या गाठीवरचा 'टेस' (TACE) हा उपचार म्हणजे केमोचाच वेगळा प्रकार. निरोगी यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या धमनीत नेऊन औषध थेट गाठीत सोडतात आणि तिचं रक्त तोडतात. काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ होते. केस सहसा जात नाहीत. कावीळ वाढलेल्या रुग्णाला हे करता येत नाही.

या कॅन्सरवर गोळ्याही आहेत; त्या परवडत नाहीत, हीही जुनी भीती. त्यांतल्या सोराफेनिब या गोळीचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याच्या गोळ्यांना 8,880 रुपयांची मर्यादा घातली. गरिबांच्या बाजूने झालेला हा मोठा निर्णय आहे. आता इम्युनोथेरपीही मिळते, पण ती अजून महाग आहे.

काविळीवर झाडपाल्याचं औषध घेण्यात महिने घालवू नका. काही झाडपाला यकृतालाच इजा करतो. हिपॅटायटिस बी किंवा सी आणि दारू यांच्या जोडीला मधुमेह आणि फॅटी लिव्हरनेही हा कॅन्सर होतो, त्यामुळे 'आमच्यात कुणी पीत नाही' म्हणून निर्धास्त राहू नये. सिरॉसिस असलेल्याने दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करावी; ती शिरूरलाही होते, दौंडलाही.