तपकिरी रंगाची किंमत

पोवळं म्हटलं की आपल्याला आठवते ती मंगळासाठी घातलेली लाल खड्याची अंगठी. तो रंग त्या प्राण्याच्या सांगाड्यातच मुरलेला असतो. प्राणी मेला तरी जात नाही. प्रवाळबेटांवरच्या त्याच्या भाऊबंदांचा रंग मात्र किती नाजूक, हे मला कळलं न्यू जर्सीत, लेकीच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीपुढे.

लेक, जावई आणि नातू दहा दिवस फिरायला गेले आणि खाऱ्या पाण्याचं ते मत्स्यालय माझ्यावर सोपवून गेले. ''बाबा, दिव्यांना तेवढा हात लावू नका हं,'' लेकीनं बजावलं होतं. निळ्या दिव्यांखाली त्यातली प्रवाळं हिरवी, केशरी चमकायची. कोपऱ्यातलं एक फांद्याफांद्यांचं प्रवाळ तेवढं मातकट तपकिरी. ते नातवाचं, वाढदिवसाला मिळालेलं. मला वाटलं, बिचाऱ्याला उजेड कमी पडतोय. पोर परत येईल तेव्हा रंगीत दिसावं, म्हणून निम्म्यावर चालणारे दिवे मी पूर्ण केले. आठवड्याभरात फांद्या पांढऱ्याफटक पडल्या.

जावई परतले. रागावले नाहीत. आधी दिवे कमी केले, मग मला समजावून सांगितलं.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरूंसारखी राहतात. उजेडावर ती अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतात; त्याचा मुख्य चरितार्थ त्यावरच चालतो. तपकिरी रंग या शैवालांचा. उजेड कमी झाला की तो गडद होतो. उजेड काही आठवड्यांत हळूहळू वाढवला, तर तो फिकटतो आणि काही जाती स्वतःची जांभळी, गुलाबी प्रथिनं तयार करतात. ती त्यांची उन्हातली छत्री. पण उजेड एकदम वाढला, तर शैवालांत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ त्या भाडेकरूंनाच हाकलून देतं. मग पारदर्शक अंगातून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो आणि उपासमार सुरू होते.

''मग ती हिरवी चमक?'' मी विचारलं.

काही प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा परत देतात. जेलीफिशमधल्या अशा प्रथिनाच्या शोधासाठी ओसामु शिमोमुरा यांना २००८ मध्ये इतर दोघांसह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याची भावंडं मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रवाळांच्या कुळात दाखवून दिली. निळा दिवा लावताच दिसते ती चमक आधीपासून असलेल्या प्रथिनांची. पांढऱ्या दिव्याखाली तेच प्रवाळ साधंसुधं दिसतं. म्हणजे मी ज्याला तब्येत समजत होतो, तो बराचसा दिव्याचा खेळ होता. आणि ज्याला आजार समजलो, ती खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण होती.

समुद्रात हीच आपत्ती तापलेल्या पाण्यामुळे येते. १९९८ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळबेटं बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ती समुद्रातून काढून घरी आणता येत नाहीत. माझ्यासारखे हौशी राखणदार पाहता ते बरंच म्हणायचं.

नातू पेटीपुढे बराच वेळ गप्प उभा होता. ''आजोबा, मला तो ब्राऊनच आवडत होता,'' एवढंच म्हणाला.

मी पुण्याला परतल्यावर दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. ''आजोबा, खालच्या फांद्या परत ब्राऊन झाल्या!''

रंगाची इतकी चांगली बातमी मी आयुष्यात ऐकली नव्हती.