कुत्रीची शस्त्रक्रिया: पहिल्या माजापूर्वीं कीं नंतर?

घरांत कौतुकानें आणलेलें पिलूं मादी असलें, म्हणजे ६-७ महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याची मोकळेपणानें चर्चा करण्याचें धैर्य फार थोड्या कुटुंबांत आढळतें. थोरल्यांस विषय अप्रशस्त वाटतो, धाकटे हंसतात, आणि निर्णय होण्यापूर्वींच कुत्री माजावर येते. म्हणून येथें आम्ही स्पष्ट शब्दांतच लिहितों.

शस्त्रक्रिया म्हणजे भूल देऊन कुत्रीचे बीजांडकोश, व बहुधा गर्भाशयही, काढून टाकणें. लहान चणीच्या जातींत पहिला माज सुमारें ६ व्या महिन्यापासून पुढें केव्हांही येतो. थोराड जातींत तो वर्षभर, कधीं दीड वर्षही लांबतो. त्यापूर्वीं शस्त्रक्रिया उरकावी या सल्ल्यास मोठा आधार मिळाला तो १९६९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीस स्तनांच्या कर्करोगाचा जो धोका असतो तो १०० मानला, तर पहिल्या माजापूर्वीं शस्त्रक्रिया झालेलीस तो अवघा अर्धा, एका माजानंतर ८, व त्यापुढें २६ राहतो, असें त्यांत आढळलें. २०१२ सालीं अशा सर्व अभ्यासांची छाननी झाली, तेव्हां हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाहीं असें ठरलें. परंतु माज संपल्यावर कांहीं आठवड्यांनीं गर्भाशयांत पू होण्याचा जो प्राणघातक विकार आहे, त्याबद्दल असा संशय नाहीं. स्वीडनमध्यें शस्त्रक्रियेची चाल फारशी नसतांना विम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेथें वयाच्या १० वर्षांपर्यंत जवळजवळ चौथा हिस्सा माद्यांस हा विकार झालेला दिसला.

उलट बाजूही आहे. बीजांडकोशांतून जे स्राव रक्तांत मिसळतात, त्यांच्याच योगें हाडांची वाढ वेळेवर थांबते. ते लवकर काढले तर हाडें अधिक काळ वाढत राहतात, आणि भारी देहाच्या कुत्रीच्या खुब्यास व गुडघ्यास तें जड जाऊं शकतें. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं ३५ जातींचा हिशेब मांडला. थोराड जातींपैकीं पुष्कळांत लवकर शस्त्रक्रियेनें सांध्यांचे विकार वाढलेले दिसले, लहान जातींत तसें आढळलें नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कांहीं माद्यांस झोपेंत लघवी गळण्याची खोड जडते, तीही थोराड जातींतच अधिक.

यावरून पूर्ण वाढीअंतीं २० किलोच्या आंत भरणाऱ्या कुत्रीची, म्हणजे आपल्या बहुतेक गांवठी कुत्रींचीही, शस्त्रक्रिया ५ व्या-६ व्या महिन्यांत, पहिल्या माजापूर्वीं करावी. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशांची वाढ पुरी होऊं द्यावी; मध्यें माज आलाच तर तो संपल्यावर २-३ महिने थांबावें, कारण माजांत त्या भागाच्या रक्तवाहिन्या तटतटलेल्या असतात.

येथवर शास्त्र झालें. दाराची गोष्ट निराळी. माज सुमारें ३ आठवडे चालतो. एकत्र कुटुंबांत दूधवाला, मोलकरीण, शाळेंत जाणारीं मुलें, आलेगेले यांच्यापायीं दार दिवसांतून पन्नास वेळां उघडतें, आणि प्रत्येकानें तें आठवणीनें लावलें पाहिजे. शिवाय सोंवळ्याच्या घरांत रक्ताचे थेंब फरशीवर नकोत म्हणून नेमकें याच दिवसांत तिला अंगणांत बांधतात! आळींतले नर कुंपणाबाहेर तिष्ठत असतातच. पुढें सुमारें ६३ दिवसांनीं पांच-सहा पिलें. नर कोणी तरी मागून नेतो, आणि माद्या पोत्यांत घालून रात्रीं दूर कोठें तरी सोडल्या जातात. हें सुशिक्षितांच्या वस्तींतही घडतें. म्हणून ज्या घरास ३ आठवडे कडक पहारा साधणार नाहीं, त्यानें थोराड कुत्रीच्या बाबतींतही वाट पाहूं नये, असें आमचें मत आहे. सांध्याचा विकार कदाचित् होईल. मोकळ्या दारानें पिलें मात्र खचित होतील.

‘एकदां तरी तिला आई होऊं द्या, नाहीं तर पाप लागेल,’ असें घरांतील वृद्ध स्त्रिया कळवळून म्हणतात. कळवळा खरा आहे. पण एकदां व्याल्यानें कुत्रीची प्रकृति सुधारते याला आधार नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत सरमा नांवाची देवशुनी जनमेजयास शाप देते, तो तिच्या निरपराध पिलास मारलें म्हणून. पिलें झालीं नाहींत म्हणून नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर १०-१४ दिवस टांके चाटूं देऊं नयेत. पशुवैद्य गळ्यांत नसराळ्यासारखें कडें घालतात, तें दया येऊन काढूं नये. शिवाय पुढें तिला पूर्वीपेक्षां कमी अन्न पुरतें. मोठ्या कुटुंबांत हेंच पाळणें सर्वांत कठीण, कारण आजोबा अर्धी पोळी देतात, सूनबाई दूधभात घालते, मुलें बिस्किटें चारतात, आणि प्रत्येकाची समजूत अशी कीं आज तिला कोणीं कांहीं दिलेंच नाहीं. कोणीं काय घालावयाचें हें आधींच ठरवून तिचें ताट एकाच माणसाकडे सोंपवावें.