मूठ तीनशे ग्रॅमची, ठोसा तीन किलोंचा

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारताच्या बॉक्सिंग पथकात दोन मराठी नावं होती. मनोज पिंगळे फ्लायवेटमध्ये, म्हणजे 51 किलोंपर्यंतच्या गटात, आणि शाहूराज बिराजदार बँटमवेटमध्ये, 54 किलोंपर्यंतच्या गटात. दोन गटांत फरक फक्त तीन किलोंचा. एवढ्याशा फरकासाठी वेगळा गट, वेगळी लढत, वेगळं पदक? तीन किलोंनी ठोशात असं काय बदलतं?

कुस्तीच्या या मुलखात वजनगट नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलो गटात लढले आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं ते 57 किलो गटात. पण कुस्तीत वजनाचं काम उघड दिसतं. अंगावर आलेला जड गडी उचलायला जड जातो, एवढं पुरेसं आहे. बॉक्सिंगचं काय? तिथे समोरच्याला लागते ती फक्त मूठ. आणि मूठ तर सगळ्यांचीच लहान!

जड बॉक्सरचा ठोसा जास्त जोरात लागतो, याबद्दल कुणाचंच दुमत नसतं. वाद सुरू होतो तो ‘का’वर. त्याचा हात जास्त वेगाने येतो? त्याच्या दंडात ताकद जास्त असते? की नुसतं वजनच काम करतं?

अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं. मोटारींच्या अपघात-चाचण्यांसाठी जो माणसासारखा पुतळा वापरतात, तो त्यांनी उभा केला. फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक बॉक्सरांना त्याच्या तोंडावर सरळ ठोसे मारायला सांगितले. 2005 मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला नऊ मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटर. सरासरी जोर 3,400 न्यूटनच्या पुढे. साडेतीनशे किलोंचं ओझं अंगावर टेकल्यासारखा, तोही मुठीएवढ्या जागेत.

आणि वजनगट वाढत गेला तसा ठोसा का वाढला? मुख्य कारण वेग नव्हताच. वाढलं ते ठोशाचं ‘प्रभावी वस्तुमान’: लागण्याच्या क्षणी मुठीच्या मागे जितकं शरीर खरोखर उभं असतं, तितकं वजन. या बॉक्सरांमध्ये ते सरासरी 2.9 किलो भरलं.

इथे थोडं थांबू या. माणसाची मूठ त्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. 51 किलोंच्या बॉक्सरची मूठ तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि बोटांपासून खांद्यापर्यंतचा अख्खा हात अडीच किलोंचा. मग तीनशे ग्रॅमची मूठ तीन किलोंसारखी लागते कशी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या फलाटांवर कर्जतकडे निघालेली मालगाडी सुटताना तुम्ही ऐकली असेल. आधी इंजिन हलतं, मग खडखड करत झटका एकेका डब्यातून मागे सरकत जातो. दोन डब्यांच्या जोडणीत थोडी ढील असते, म्हणून सगळी गाडी एकदम हलत नाही. आता हे उलटं करून पाहा. पुढचा डबा कशाला तरी धडकला आणि जोडण्या ढिल्या असल्या, तर पहिल्या क्षणी धक्का देतो तो एकटा डबा. बाकीची गाडी पोचेपर्यंत धडक होऊन गेलेली असते. पण सगळ्या जोडण्या घट्ट दाबलेल्या असतील, तर त्या एका डब्याबरोबर मागची संपूर्ण गाडी धडकते. मनगट, कोपर, खांदा, कंबर, गुडघा, घोटा या बॉक्सरच्या जोडण्या. मनगट जरा दुमडलं की मागचं सगळं शरीर धडकेतून गळून पडलं!

म्हणून तर ठोशाचा उगम हातात सापडत नाही. 1980 च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी बॉक्सरांच्या सरळ ठोशाची फोड केली. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला, धडाच्या वळणाचा 37 टक्के आणि हाताचा 24 टक्के. नवशिक्यांमध्ये पायाचा वाटा यांच्या निम्म्याहूनही कमी होता आणि हाताचा खूप जास्त. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य हेच वाटतं. चांगला ठोसा मागच्या पायाच्या चवड्याने जमिनीला दिलेला रेटा असतो, तो फक्त मुठीतून बाहेर पडतो.

पण मग एक पेच उभा राहतो. जोडण्या घट्ट हव्यात, म्हणजे स्नायू ताठ हवेत. ताठ स्नायूंनी हात वेगाने फेकता येतो का? करून पाहा, येत नाही. दंड आवळून ठोसा मारला की तो रेंगाळतो. वेगासाठी सैल राहायचं आणि वजनासाठी ताठ व्हायचं, ही दोन्ही कामं एकाच ठोशात कशी जमतात? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढवय्यांच्या स्नायूंवर विद्युत-संवेदक लावून हे तपासलं. स्नायू दोनदा आवळले जात होते! सुरुवातीला एकदा, मूठ निघताना. मग मधेच ते सैल पडत, हात मोकळा धावे आणि नेमका लागताना सगळं पुन्हा ताठ होई.

हे किती अवघड आहे, ते वेळेच्या हिशेबाने कळतं. 1985 मध्ये ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रुनो याचा ठोसा लोंबत्या लक्ष्यावर मोजला गेला. मुठीचा वेग सेकंदाला 8.9 मीटर. मूठ टेकल्यापासून 14 मिलिसेकंदांच्या आत जोर शिखराला पोचला, 4,096 न्यूटन. एवढ्या वेळात पापणीसुद्धा नीट हलत नाही. ‘लागला’ ही बातमी मेंदूपर्यंत जाऊन तिथून ‘ताठ हो’ हा हुकूम परत येण्याइतकी सवड त्यात मुळीच नाही. म्हणजे दुसऱ्यांदा आवळण्याचा हुकूम मूठ हवेत असतानाच सुटलेला असतो. बॉक्सर धडकेचा क्षण आधीच ओळखतो, रोजच्या हजारो ठोशांच्या सरावातून. ब्रुनोचा तो ठोसा संशोधकांनी सहा किलोंच्या, गादी गुंडाळलेल्या लाकडी मोगरीच्या घावाच्या बरोबरीचा ठरवला. आणि त्याचा वेग डेट्रॉइटच्या त्या सात जणांच्या सरासरीपेक्षा जास्त नव्हता, हे विसरू नका!

मग हलक्या बॉक्सरने काय करायचं? इथे भूमिती त्याच्या बाजूने उभी राहते. स्नायूचा जोर त्याच्या जाडीच्या, म्हणजे आडव्या छेदाच्या प्रमाणात वाढतो. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची या तिन्हींनी वाढतं. बांधा तोच ठेवून वजन दुप्पट केलं, तर जोर दुप्पट होत नाही, साधारण 1.6 पट होतो. किलोमागे हिशेब केला तर फ्लायवेट जास्त बलवान ठरतो. एकूण धडकेत मात्र हेवीवेट पुढे जातो, कारण त्याच्याकडे मागे उभं करायला शरीरच जास्त असतं.

याची दुसरी बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ठोसा वाढत जातो, पण डोकं वाढत नाही. प्रौढ माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. शंभर किलोंच्या माणसाचं डोकं पन्नास किलोंच्या माणसाच्या दुप्पट नसतं आणि मेंदू तर दोघांचाही 1.3-1.4 किलोंच्या आसपास. जड गटांत मारणाऱ्याचं बळ वाढतं, मार खाणाऱ्याचं नाजूक यंत्र जवळपास तेवढंच राहतं. त्या गटांतल्या लढती नॉकआउटने जास्त संपतात, यात नवल ते काय? वजनगट मला रास्त वाटतात ते यासाठी. 51 किलोंच्या मुलाच्या डोक्यावर 91 किलोंचा ठोसा पडू नये, ही त्यांतली खरी काळजी आहे. सोलच्या बारा गटांची रचनाही पाहा. खाली 48, 51, 54, 57, 60 अशा तीन-तीन किलोंच्या पायऱ्या, वर मात्र 81 नंतर थेट 91. हलक्या शरीरावर तीन किलो म्हणजे सहा टक्के, आणि तिथे ते खरोखर जाणवतात.

तरीही एक गडी या सगळ्या हिशेबांना चकवून गेला. लोहारकाम केलेला बॉब फिट्झसिमन्स 1897 मध्ये कार्सन सिटीत हेवीवेट विजेता जिम कॉर्बेटसमोर उभा राहिला, तेव्हा त्याचं वजन 76 किलोंच्या आसपास होतं. कॉर्बेट त्याच्याहून सहा-सात किलोंनी जड आणि चपळही. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सने डोकं सोडून दिलं आणि बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या खळग्यात ठोसा घातला. तिथे आड यायला हाड नसतं. आत मज्जातंतूंचं जाळं आणि श्वास चालवणारा पडदा असतो. तो पडदा आखडला की श्वासच आत जात नाही. कॉर्बेट शुद्धीत होता, पण दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याला उठता आलं नाही.