उणीव सांगावी, मग सावरावी

वय वाढले की शरीरात काही ना काही उणे होऊ लागते. ऐकू कमी येते, हात थरथरतो, ओळखीचे नाव ऐन वेळी आठवत नाही. दवाखान्यात येणारे अनेक ज्येष्ठ त्या उणिवेपेक्षा ती लपवण्यानेच अधिक थकलेले दिसतात.

ऐकण्याचेच उदाहरण घेऊ. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात साधारणतः उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात. आवाज कानी येतो, पण शब्द उमगत नाही. मग माणूस नुसती मान डोलावतो आणि हळूहळू चारचौघांत बसणेच टाळतो. गोळी अर्धी घ्यायची की पूर्ण, हे विचारायचेही राहून जाते. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या, आटोक्यात आणता येण्याजोग्या जोखमींपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२० मध्ये नमूद केले आहे.

वृद्धत्वाचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस हे पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन (१८८७–१९८२) यांचा दाखला देत. उतारवयात रुबिनस्टाइन मोजक्याच रचना निवडत आणि त्यांचा सराव अधिक करीत. बोटांचा वेग मंदावला होता, म्हणून द्रुत भागाच्या आधीचा भाग ते मुद्दाम संथ वाजवीत. त्यामुळे पुढचा भाग श्रोत्यांना अधिक वेगवान भासे. निवड, सराव आणि भरपाई असे हे तीन मार्ग आहेत.

ते आपल्यालाही चोखाळता येतात. प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कधी कधी अडथळा केवळ मळाचा असतो. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मग निवड: गप्पांसाठी शांत खोली शोधावी, टीव्ही बंद ठेवावा. सराव: श्रवणयंत्राचा आवाज आरंभी कर्कश वाटतो. मेंदूला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ते पेटीत न ठेवता रोज वापरावे. भरपाई: “डाव्या कानाने मला कमी ऐकू येते, उजवीकडे बसून बोला,” असे मोकळेपणाने सांगावे.

घरच्यांनी ओरडू नये. ओरडण्याने शब्द अधिकच विकृत होतात. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोलावे. एखादे वाक्य कळले नाही, तर तेच न घोकता वेगळ्या शब्दांत सांगावे.

उणीव अशी उघड झाली की घराला चांगल्या सवयी लागतात. एका वेळी एकानेच बोलायचे आणि औषधाची मात्रा लिहूनच घ्यायची, ही शिस्त तीक्ष्ण कानाच्या माणसालाही चुकीच्या गोळीपासून वाचवते. आजोबांच्या कमी ऐकण्याने सारे घर नीट ऐकायला शिकते.