नाव, गाव आणि खाणं

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी पाहायला येणारे बहुतेक जण चैत्यगृहासमोर फोटो काढून मागे फिरतात. डोंगर चढत ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जाणारे थोडेच. त्या लेण्यात पहलवी लिपीतले छोटे लेख कोरलेले आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं आणि तारीख तिथे नोंदवून ठेवली आहे. भोवती शिलाहारांचं राज्य, लेणं बौद्धांचं आणि सही करणारे मूळचे इराणचे. आज कोणी किल्ल्याच्या भिंतीवर नाव लिहिलं तर आपण त्याला शिव्या घालतो. हजार वर्षांपूर्वीची सही मात्र इतिहासाचं साधन होऊन बसते.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही सगळी उपनगरं ज्या साष्टी बेटावर उभी आहेत, तिथे माणसं येण्याचं थांबलं असं कधी झालं नाही. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख ५७ हजार लोक मोजले गेले, तर शहर जिल्ह्यात जेमतेम ३१ लाख. म्हणजे चारातले तीन मुंबईकर उपनगरात राहतात. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते, हिंदी सांगणारे ३६ लाख, आणि गुजराती व उर्दू सांगणारे प्रत्येकी १४ लाखांच्या वर. न्यूयॉर्कचा क्वीन्स हा भाग आपल्या भाषांच्या संख्येसाठी जगभर ओळखला जातो. तिथले जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. मुंबईला एवढी विविधता भरायला परदेश लागला नाही.

मग इथला मूळचा कोण? आरेच्या पाड्यांवरचे वारली, वेसाव्याचे आणि गोराईचे कोळी, आगरी, भंडारी. आणि ईस्ट इंडियन. धर्माने ख्रिस्ती आणि बोलीने मराठी असलेल्या या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव धारण केलं. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईत येणारे ख्रिस्ती वाढत होते. आपण त्यांच्यातले नाही, इथलेच आहोत, हे सरकारच्या कानावर घालणं गरजेचं झालं होतं. मरोळजवळ कोंडिविट्याला त्यांचं १५७९ सालचं चर्च होतं. साथीच्या रोगामुळे १८४०मध्ये गावकऱ्यांनी ती जागा सोडली. पुढे १९७३मध्ये तिथे सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं आणि चर्चचे अवशेष त्याच्या कुंपणाच्या आत गेले. नव्वदच्या दशकात त्याच सीप्झमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून मराठी, तमिळ, गुजराती पोरं न्यू जर्सीला जाऊ लागली. एका गावठाणाच्या जमिनीवरून एवढी ये-जा झाली आहे.

ईस्ट इंडियन माणसाने ‘आम्ही इथलेच’ हे सिद्ध करायला निघावं, हीच उपनगरांची रीत पुढे प्रत्येक समाजाने चालवली.

१८९६च्या प्लेगनंतर मुंबई बेटावरची दाट वस्ती धोक्याची वाटू लागली आणि रेल्वेच्या दोन्ही मार्गांवर लोक उत्तरेकडे सरकू लागले. मुलुंडचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते १९२२च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आखले. मुलुंड आणि घाटकोपरला कच्छी, गुजराती व्यापारी आले, त्यांच्या मागोमाग देरासरं, शाळा आणि दवाखाने आले. फाळणीनंतर सिंध आणि पंजाबातल्या निर्वासितांसाठी मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी कॉलनी वसली. १९४९मध्ये शहरातले म्हशींचे तबेले बाहेर काढण्यासाठी आरे दूध वसाहतीचं काम सुरू झालं आणि त्या धंद्यामागे उत्तर प्रदेशातली माणसं इकडे रुजली. महापालिकेची हद्द १९५०मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. कागदावर शहर वाढलं तेव्हा माणसं आधीच तिथे राहत होती.

घाटकोपरच्या पंतनगरात मालवणजवळच्या देवबागचे एक डॉक्टर दवाखाना चालवत होते. त्यांच्याकडे येणारे बरेचसे रुग्ण जवळच्या खाणींत दगड फोडणारे मजूर. त्यांची हलाखी रोज पाहून दत्ता सामंत युनियनकडे वळले आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेते झाले. संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं चाळीतली खोली सोडून उपनगरांकडे निघाली. ती जुनी मुंबईकर होती, तरी बोरिवलीत किंवा मुलुंड पूर्वेला उतरताना त्यांना नव्याने बस्तान बसवावं लागलंच.

अमेरिकेत या प्रवासाचा अभ्यास शिकागोत फार लवकर झाला. रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५च्या सुमारास मांडणी केली, ती ढोबळमानाने अशी: नवा आलेला इटालियन किंवा पोलिश माणूस शहराच्या मध्यभागी, आपल्या लोकांच्या दाटीत राहतो. कमाई वाढली की तो बाहेरच्या वर्तुळात जातो, इंग्रजी बोलतो, शेजारी कोणत्या देशाचा हे विचारणं सोडतो. उपनगरात पोचला, म्हणजे मिसळला. इझ्राएल झँगविलच्या १९०८च्या नाटकाने ‘मेल्टिंग पॉट’ हा शब्द अमेरिकेच्या तोंडी बसवला होताच. १९६३मध्ये नेथन ग्लेझर आणि डॅनियल मॉयनिहन यांनी न्यूयॉर्कचा अभ्यास करून दाखवलं, की त्या भांड्यात सगळं काही वितळत नाही. तरी भाषेच्या बाबतीत जुनं चित्र बरंचसं खरं ठरलं. आजोबा इटालियन बोलायचे आणि नातवाला ती येत नाही, हे तिथे सर्रास दिसतं. त्यात सार्वजनिक शाळेचा वाटा मोठा.

मुंबईत भाषा आणि वस्ती या दोन्ही गोष्टी वेगळ्या घडल्या. महापालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवल्या. आपली भाषा सोडल्याशिवाय मुंबईकर होता येत होतं, हे या शहराचं मोठेपण म्हणायला हवं. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात मराठी नाटकही लागतं आणि गुजरातीही. एका भाषेतलं चाललेलं नाटक दुसरीत जाणं हा नेहमीचा व्यवहार. आता गंमत अशी, की कच्छी व्यापाऱ्याची नात आणि गिरणी कामगाराचा नातू एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बसतात आणि मधल्या सुट्टीत हिंदी बोलतात. अमेरिकेतलं भाषांचं वितळणं मुंबईत तीन पिढ्या उशिरा आलं, आणि त्यात मराठी-गुजराती दोघींचीही गळती एकदम सुरू झाली.

भाषेवरून एवढी भांडणं होत असताना खरी अडचण मात्र घराशी आहे. शिकागोचा माणूस उपनगरात एकेकटा जातो, असं बर्जेसच्या मांडणीत गृहीत होतं. मुंबईत अख्खा समाज एकत्र हलला, देऊळ, शाळा आणि वाण्याचं दुकान घेऊन. त्याची रीतसर नोंदणीही झाली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. कारवारकडून मुंबईत आलेल्या सारस्वतांसाठी श्रीपाद तालमकी यांनी ती धडपड केली. भारतातल्या गृहनिर्माण सहकाराची सुरुवात तिथून धरतात. परक्या शहरात घरमालकाच्या लहरीवर जगणाऱ्या पगारदार कारकुनांनी पैसे एकत्र करून स्वतःचं छप्पर मिळवायचं, ही कल्पना फार चांगली होती. पण सोसायटी ही जन्मापासून जातभाईंची होती, हेही विसरता येत नाही. आधी आलेल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली ही संस्था पुढे मागून येणाऱ्यांना अडवणारं दार झाली.

कायद्याने ते दार उघडायचं टाळलं. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क दिला. १५व्या अनुच्छेदाने दुकान, हॉटेल, विहीर, घाट, रस्ता इथे धर्म किंवा जात पाहून कोणाला अडवायला मनाई केली. त्या यादीत घर नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीतल्या सभासदाला आपली जागा बिगरपारशाला विकायची होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००५मध्ये न्यायालयाने सोसायटीची बाजू उचलून धरली. सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी चालतो, असा त्याचा अर्थ झाला. अमेरिकेत नेमकं उलटं घडलं होतं. तिथेही घराच्या खरेदीखतात ‘काळ्या माणसाला विकू नये’ अशा अटी घातल्या जात. १९४८मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत असं ठरवलं, आणि एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म, मूळ देश पाहण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे शिकागो एका रात्रीत मिसळलं नाही. तिथले काळ्या-गोऱ्यांचे मोहल्ले आजही नकाशावर ठळक दिसतात. मात्र नकार मिळालेल्याला दाद मागायला जागा आहे. सीप्झमधून न्यू जर्सीला गेलेल्या मराठी इंजिनिअरला तिथे घर घेताना जे संरक्षण मिळतं, ते मुलुंडमध्ये मिळत नाही.

इथे तोंडावर ‘नाही’ म्हणायचीही गरज पडत नाही. दलाल फोनवरच नाव विचारतो, मग गाव, मग ‘नॉनव्हेज खाता का?’ पुढे जागा अचानक ‘गेलेली’ असते, किंवा सेक्रेटरीची एनओसी अडकते. अंधेरीत, वर्सोवा आणि लोखंडवाला भागात, सिनेमात नशीब काढायला आलेल्या एकट्या मुली आणि मुस्लीम मुलं हे प्रश्न पाठ करून असतात. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुस्लीम कुटुंबं मुंब्रा आणि मीरा रोडकडे मोठ्या संख्येने गेली. त्यामागे भीती होती, तशी ही दारंही होती. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंड पश्चिमेच्या एका इमारतीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ पसरला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो योग्यच होता. फक्त त्या संतापाला थोडी स्मरणशक्ती हवी. मराठी सोसायट्यांमध्येही आडनावावरून जात ताडणारे कमी नाहीत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत, जिथे ११ जुलै १९९७ला पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, तिथले लोक मराठी बोलणारे आणि महाराष्ट्राच्याच गावांतून आलेले होते. त्यांना पक्क्या इमारतीत भाड्याने खोली देताना किती मराठी घरमालकांनी भाषेचा विचार केला असेल?

या उपनगरांत खरोखर सरमिसळ झालेल्या वस्त्या शोधायच्या तर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत जावं: घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर, अंधेरीचं डी. एन. नगर. तिथे शेजारी निवडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. सरकारी वाटपात किंवा सोडतीत ज्याचं नाव निघालं तो आला. चारकोप आणि गोराईत १९८५नंतर जागतिक बँकेच्या मदतीने छोटे भूखंड पाडले गेले, तिथेही यादी सरकारने केली. एका जिन्यावर मालवणी, कानडी आणि आझमगढचं घर असणं हे कोणाच्या मोठ्या मनामुळे झालं नाही, वाटपाच्या पद्धतीमुळे झालं. सिंगापूरने हे धोरणच केलं: १९८९पासून सरकारी इमारतींत चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या प्रमाणाला कमाल मर्यादा आहे. त्याचा काच अल्पसंख्याकांनाच जास्त बसतो, कारण घर विकताना त्यांना गिऱ्हाईक कमी मिळतात. पण एका वंशाची आख्खी इमारत मात्र तिथे होत नाही.

महाराष्ट्रात सुचलेला उपाय वेगळा आहे. नव्या इमारतींत निम्मी घरं मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत, अशी मागणी विलेपार्ल्याच्या ‘पार्ले पंचम’ या संस्थेने केली, आणि २०२४मध्ये आमदार अनिल परब यांनी तशा अर्थाचं अशासकीय विधेयक विधान परिषदेत नेलं. त्यातल्या अस्वस्थतेला कारण आहे. तरी निम्म्या घरांवर मराठीची पाटी लावली, तर उरलेल्या निम्म्यांवर बाकीच्यांनी आपापल्या पाट्या लावायला मोकळीक मिळते. नाव, गाव आणि खाणं विचारून घर नाकारणं हाच गुन्हा ठरवला असता, तर मराठी महिलेबरोबर वर्सोव्यातल्या मुस्लीम भाडेकरूचंही काम झालं असतं. ती मागणी करायला मात्र कोणताच पक्ष घाई करत नाही.

एवढ्यात पंतनगर आणि कन्नमवार नगरात रिडेव्हलपमेंट सुरू आहे. चार मजली इमारतीच्या जागी टॉवर येतो, जुन्या सभासदाला मोठं घर मिळतं आणि वरचे मजले बिल्डर खुल्या बाजारात विकतो. तिथे सोडत नसते. दरमहाचा मेन्टेनन्स पेलत नाही म्हणून काही जुनी कुटुंबं आपलं नवं घर विकतात आणि बदलापूर, टिटवाळा, विरारकडे दोन मोठ्या खोल्या घेतात. तिथे आगरी आणि कोळ्यांची गावं आहेत, शेतांत इमारती उभ्या राहत आहेत, आणि हे मुंबईचे लोक आले की पाणी कमी पडतं अशी तक्रार तिथल्या ग्रामस्थांकडून आता ऐकू येते.