पंचवीस की बावन्न?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर हा प्रसंग तुम्हाला नवीन नाही. इकडे कुकरची शिट्टी होतेय, तिकडे पोळी तव्यावर, आणि आपण तिथूनच सांगतो, "पंचवीस लिही." मूल लिहितं ५२. "अरे, पंचवीस सांगितलं ना!" ते खोडतं आणि आपल्या तोंडाकडे बघत पुन्हा ५२ लिहितं. मग एक धपाटा, थोडी रडारड, आणि रात्री यजमानांकडे तक्रार, "याचं गणिताचं काही खरं नाही!"

मी सोलापुरात दुसरीच्या वर्गाला अर्धवेळ शिकवते, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. एका मुलाच्या वहीवर मी स्वतःच लाल शाईने 'गणित कच्चे' असा शेरा मारला होता. दुसऱ्या दिवसापासून तो वही दप्तरातून बाहेर काढेना. गणिताचा तास आला की त्याच्या पोटात दुखायचं. आठवड्याभराने त्याची आई आली. "बाई, दुकानातून उरलेले पैसे बिनचूक मोजून आणतो हो. मग शाळेतच असं का?"

ती गेल्यावर मी ती वही पुन्हा उघडली. सदतीसचे ७३, अठ्ठेचाळीसचे ८४, पंचवीसचे ५२. आकडे सगळे बरोबर, फक्त जागा उलट. पोरगं जसं कानावर पडत होतं, तसंच लिहीत होतं!

आपण कधी लक्षच देत नाही, पण मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि दशक मागून. लिहिताना मात्र दशक आधी. त्यात तो दशकही धड ऐकू येत नाही. 'बावन्न'मध्ये पन्नास कुठे आहे, सांगा बरं? आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. ऐकायचं 'तीस' आणि लिहायचा २! बरं, नियम म्हणावा तर तोही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वदपर्यंत 'एकोण', पुढे एकदम नव्याण्णव. आपल्याला हे सगळं पाठ झालं म्हणून सोपं वाटतं, इतकंच.

माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी आहे. तिच्या घरी पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. इंग्रजीतही एकवीसपासून पुढे हाच क्रम. मात्र जर्मन मुलं आपल्यासारखीच एकक आधी बोलतात, तेव्हा हे दुखणं काही एकट्या मराठीचं नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही विषय गाजला, आडनावांवरून विनोद झाले. पुस्तकात जुनी नावंही दिलेली होती, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या लहान मुलांची वाट जरा सोपी व्हावी, एवढाच त्यामागचा विचार होता.

आमच्या सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "अगं, मी वीसएक पोळ्या लाटल्या म्हटलं, तर त्या एकवीस समजायच्या का?" मला हसू आलं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे 'वीसएक' म्हणजे अंदाजे वीस. शिवाय बाजारात भाजीवाली पस्तीसच म्हणणार, 'तीस पाच' नाही. म्हणून माझं मत असं, की जुनी नावं सोडायची नाहीत, पण सुरुवातीला आधाराला नवी बोली घ्यायला काय हरकत आहे? पांगुळगाडा काही जन्मभर वापरत नाहीत.

त्या मुलाला मी खराट्याचे हीर दिले. दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधायच्या, वर रबर लावायचं. सदतीस म्हटलं की तीन जुड्या डावीकडे, सात सुटे हीर उजवीकडे. तोंडाने आधी 'तीस सात' आणि लगेच 'सदतीस'. मगच पेन्सिल हातात. तुम्हाला घरी हीर नको असतील, तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. काम तेच होतं. फक्त रोज दहाच मिनिटं, आणि पोळ्या लाटता लाटता नको, शेजारी बसून. उलट लिहिलं तर 'चुकलं' म्हणायच्या आधी 'जुड्या किती?' एवढंच विचारा. बहुतेक वेळा मूल स्वतःच खोडरबर शोधू लागतं. दुसरी संपत आली तरी असंच उलटसुलट होत असेल, अक्षरंही उलटी पडत असतील, तर मात्र वर्गाच्या बाईंशी मोकळेपणी बोला.

तो लाल शेरा मी खोडला. नुसता खोडून चालेना, म्हणून त्याला जवळ बोलावून सांगितलं, "चूक माझी होती रे." तो काही बोलला नाही. जुड्या घेऊन जागेवर गेला.

परवा अंकांच्या श्रुतलेखनात मी मुद्दाम 'एकोणऐंशी' घातलं. त्याने आधी ८९ लिहिलं, थांबला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि इतक्या जोरात खोडलं, की कागद फाटला. मग फाटलेल्या जागेच्या बाजूला बारीक अक्षरात ७९ लिहून वही स्वतःहून टेबलावर आणून ठेवली.