पापडाला ऊन लागतं, पापड ऊन देत नाही

गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच अर्ध्या वाटेवर आली की डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसू लागतो. पायथ्याशी तेलाच्या टाक्या, पीर पाऊची जेटी, उंच धुराडी आणि पुढे झाडीत एक घुमट. गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी धुराड्यांकडे बोट दाखवून भाच्याला सांगितलं, "ते बघ, ॲटमिक. मुंबईची वीज तिथनंच येते."

"आणि बॉम्ब, मामा?"

"तेही तिथंच. बाकी काय करणार ते लोक?"

मामांचं पहिलं वाक्य पूर्ण चूक आहे, दुसरं अर्धं खरं आणि तिसरं आपल्या सगळ्यांचं आहे. चेंबूर-मानखुर्दला जन्म गेलेली माणसंही हेच बोलतात.

धुराड्यांचं आधी उरकून टाकू. ती टाटांच्या औष्णिक वीजकेंद्राची आहेत, आणि तिथे कोळसा नि वायू जळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातून मुंबईला वीज मिळत नाही. तिथल्या भट्ट्या संशोधनासाठी आहेत. अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती आशियातली पहिली अणुभट्टी. पोहण्याच्या तलावासारख्या पाण्यात बुडवलेल्या या भट्टीतून निळसर उजेड दिसायचा, आणि तिचं नाव पंडित नेहरूंनी ठेवलं. मग १९६० मध्ये सायरस आली, घुमट तिचा. १९८५ मध्ये ध्रुव आली. ध्रुवची क्षमता १०० मेगावॉट सांगतात, पण ती उष्णतेची. ती उष्णता पाण्याने वाहून नेतात, तिच्यावर जनित्र फिरत नाही. महाराष्ट्रातली अणुवीज येते तारापूरहून, १९६९ पासून.

बॉम्बचं लपवण्यासारखं काही नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. ती भट्टी कॅनडाच्या मदतीने, शांततेच्या कामासाठी म्हणून उभी राहिली होती, आणि त्या चाचणीनंतर कॅनडाने मदत थांबवली. हा इतिहास सांगितलाच पाहिजे. पण तेवढाच सांगितला तर याच आवारातून निघून आपल्या ताटात, शेतात आणि दवाखान्यात पोचलेल्या गोष्टी नजरेआड होतात. त्यांच्याबद्दल पसरलेले गैरसमज माणसांना खरोखर त्रास देतात, म्हणून हा लेख.

जवळजवळ सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच गल्लत आहे. किरण लागणं वेगळं आणि किरणोत्सारी होणं वेगळं. गच्चीवर पापड वाळत घातला तर त्याला ऊन लागतं, तो वाळतो, पण रात्री डब्यातून काढल्यावर तो पापड ऊन देत नाही. हळदीचं तसं नाही. हळद हाताला लागली की हात पिवळा होतो, आणि त्या हाताने ज्याला शिवाल तेही पिवळं होतं. कोबाल्टच्या गॅमा किरणांखालून गेलेली वस्तू पापडासारखी असते. किरणोत्सारी पदार्थच अंगात गेला किंवा अंगाला लागला तर ती हळद.

हा फरक ठाऊक नसला की काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्या शेजारच्या काकूंना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोबाल्टच्या यंत्राखाली 'शेक' देत होते. घरच्यांनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं आणि दोन वर्षांच्या नातवाला त्यांच्या खोलीत जायला बंदी केली. दुष्टपणा त्यात नव्हता, भीती होती. पण बाहेरून किरण घेऊन आलेल्या माणसात काहीही शिल्लक राहत नाही. यंत्र बंद झालं की किरण संपले. त्या काकूंनी नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नव्हती, आणि आयुष्याच्या त्या दिवसांत त्यांना तेच हवं होतं.

याउलट थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ चा मोठा डोस घेतलेला रुग्ण खरोखरच काही दिवस किरणोत्सारी असतो. म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी सोडल्यावरही लहान मुलं नि गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहायला सांगतात. तिथे डॉक्टरांचं तंतोतंत ऐकायचं. मात्र तेही कायमचं नव्हे. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस असतं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं, आणि शरीर ते लघवीवाटेही टाकत असतं. याच कारणाने हे औषध वर्षभराचा साठा करून कपाटात ठेवता येत नाही. भट्टीत पुन्हा पुन्हा तयार करावं लागतं नि ताबडतोब पाठवावं लागतं. परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारी १९६३ मध्ये सुरू झालेलं विकिरण औषधी केंद्र हे ट्रॉम्बेचंच भावंड आहे.

आता ताटाकडे येऊ. "किरण मारलेला कांदा विषारी असतो," असं बाजारात सर्रास ऐकू येतं. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. अन्नातल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनच्या अणुगर्भातून न्यूट्रॉन उपटून काढायला १० दशलक्षांहून जास्त लागते. त्यामुळे हे किरण कांद्याला किरणोत्सारी करूच शकत नाहीत. ते एवढंच करतात, की कोंबाच्या टोकाच्या पेशींची वाढ थांबवतात. साठवणीतला कांदा उभा चिरला की मधोमध हिरवी सुरी वर चढताना दिसते. किरण दिलेल्या कांद्यात त्या जागी इवलासा तपकिरी ठिपका राहतो, बस्स. मात्र काढणीनंतर लवकर किरण द्यावे लागतात. कोंब एकदा जागा झाला की उपयोग होत नाही.

यासाठी नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये 'कृषक' हे केंद्र सुरू झालं. इथे उलट्या बाजूचा गैरसमजही खोडला पाहिजे. किरणांनी कांद्याच्या भावाचा प्रश्न सुटेल, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. किरण कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत. चाळीतली दमट हवा, बुरशी, वजनातली घट तशीच राहते. त्यासाठी थंड साठवण लागते, आणि स्वस्त कांद्याला तो खर्च झेपत नाही. लासलगावच्या केंद्राचं नाव झालं ते आंब्यामुळे. अमेरिकेने कीड येईल म्हणून भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं, ते २००७ मध्ये याच केंद्रातून किरण देऊन गेलेल्या पेट्यांनी उघडलं. या मात्रेने कोयीतल्या भुंग्याची आणि फळमाशीची पिढी पुढे जात नाही, आंबा मात्र नेहमीसारखा पिकतो.

"ट्रॉम्बेचं बियाणं म्हणजे जीएम," हा तिसरा समज. उन्हाळी भुईमूग करणाऱ्याला 'टॅग चोवीस' सांगावं लागत नाही. पण नावाची फोड क्वचित कुणी करतं. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, जी म्हणजे ग्राउंडनट. अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं हे लेकरू १९९१ मध्ये प्रसारित झालं. बुटकं झाड, कमी पसारा, शेंगा जास्त. उडदातला टीएयू-१ तसाच. टीपीजी-४१ मधला पी फुले, म्हणजे राहुरी. टीएलजी-४५ मधला एल लातूर. पिशवीवरच्या या अक्षरांत मुंबईच्या खाडीकाठाची नि विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीची सोयरीक लिहिलेली आहे.

बीटी कापसात जिवाणूचं जनुक आणून बसवलेलं असतं. ट्रॉम्बेची वाणं तयार होतात उत्परिवर्तनाने, आणि त्यात बाहेरचं काहीच येत नाही. बियांना क्ष-किरण किंवा गॅमा किरण देतात, त्यांच्या स्वतःच्याच जनुकांत कुठेतरी बदल होतो. असे बदल निसर्गातही होतात, इथे फक्त त्यांचं प्रमाण वाढतं. कुठे काय बदलेल हे कुणाच्या हातात नसतं. हजारो बिया पेरायच्या, बहुतेक झाडं खुरटी किंवा वांझ निघतात, ती टाकायची. एखादं टपोऱ्या दाण्याचं, एखादं बुटकं वेगळं काढायचं. मग त्यांचा आपसांत संकर, मग वर्षानुवर्षं निवड, मग विद्यापीठांच्या शेतांवर चाचण्या. किरण लागले ते कितीतरी पिढ्यांमागच्या बीजाला. आपल्या मुठीतला दाणा तर त्या उन्हातही गेलेला नाही.

मामांच्या 'बाकी काय करणार'ला भौतिकशास्त्रातलंही एक उत्तर आहे, ते थोडक्यात. ते सगळं भट्टीच्या भिंतीआड चालतं असं नाही. लडाखमध्ये हानले इथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या गॅमा किरणांचा ती मागोवा घेते. ती भाभा अणुसंशोधन केंद्रानेच उभारली.

राहिला कचरा. "तो तर हजारो वर्षं नुसता पडूनच राहणार ना?" काही भाग राहतो, आणि तो काचेत बंदिस्त करून जपावा लागतो. पण वापरलेल्या इंधनातून ट्रॉम्बेला आता कामाच्या वस्तूही वेगळ्या काढतात. सीझियम-१३७ काचेच्या कांड्यांत ओतून रक्तपेढ्यांतल्या यंत्रांना देतात. आणि रुथेनियम-१०६. त्याचे किरण काही मिलिमीटरच आत जातात. म्हणून डोळ्याच्या गाठीवर, लहान मुलांना होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमावरसुद्धा, ते वापरता येतं. चांदीची बारीकशी वाटी असते, बुबुळामागच्या गोलाईवर बसेल अशी वाकवलेली, आतल्या बाजूला रुथेनियमचा थर. शस्त्रक्रियेने ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, गाठीच्या नेमकी मागे टाके घालून बसवतात. ठरलेले तास पूर्ण झाले की टाके काढतात आणि वाटी उचलून घेतात.